चोरबटन

९ नोव्हेंबर
आजपासून वायरिंग काढायला घेतलं. जुन्यातली एक वीतभर तारही ठेवायची नाही. बाबा गुरांचे डॉक्टर. त्यांची ही अँबॅसिडर माहेरी, कड्याला गोठ्याशेजारी सव्वीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. उंदरांनी इन्सुलेशन खाल्लंय, उरलेलं हात लावला की पापडासारखं मोडतं. गेल्या महिन्यात टेंपोत घालून बीडला आणली, तेव्हापासून आमच्या पोर्चमध्ये आहे. शेजारचे जोशी झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने तीनदा डोकावले. त्यांच्याकडे झाडं दोनच आहेत.
हे म्हणतात, "जन्मभर आयटीआयत पोरांना वायरमन ट्रेड शिकवलास, रिटायर झालीस. आता तरी टेस्टर खाली ठेव की." नाही ठेवणार. मला गाडी फिरवायची हौस नाही. आई गेली त्या सकाळी ही गाडी का चालू झाली नाही, ते मला याच तारांत सापडायला हवं.

११ नोव्हेंबर
हे वायरिंग शेवटचं ज्याने हाताळलं तो हकीम मिस्त्री, कड्याच्या स्टँडजवळचा. पूर्ण नाव या वहीत एकदाच लिहिते. यापुढे ह. पुरे.
आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ह. दिवसभर आमच्या अंगणात गाडीखाली पडून काम करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या छातीत कळ. बाबा किल्ली फिरवतायत, सेल्फ फिरतोय, इंजिन काही धरत नाही. बॅटरी उतरेपर्यंत तेच. साखर कारखान्याकडून जीप मिळेपर्यंत तास गेला. नगर दिसायच्या आत आई…
मी दिवाळीला माहेरी आले होते. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

१४ नोव्हेंबर
बॅटरीवाल्याने नवी म्हणून जी दिली तिच्यावरचा तारखेचा शिक्का खरवडलेला. परत केली. "मॅडम, तुमी लई संशयी बगा," म्हणतो वर. मी म्हटलं, म्हणून तर जिवंत आहे. वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगायचे: तार मेली आहे, करंट नाही, असं कोणी सांगितलं तरी टेस्टर लावल्याशिवाय हात लावू नका.
काळी टेपही गायब. यांनी मिक्सरला गुंडाळलेली सापडली. विचारलं तर "मला काय माहीत".

१७ नोव्हेंबर
आज ह.चे जोड कापून एकेक तपासले. ढिला, काळवंडलेला, कच्चा, काहीतरी सापडेलच अशी खात्री होती. एकही नाही. प्रत्येक जोड पिळून, कथलाचा डाग देऊन, वर स्लीव्ह. माझ्या हुशार पोरांनीही असे जोड दिले नव्हते.
एवढं चांगलं काम? संशय वाढलाच.

२१ नोव्हेंबर
सापडलं!!
किल्लीपासून ठिणगी देणाऱ्या कॉइलपर्यंत तार सरळ जायला हवी. ती तशी जात नाही. मध्येच वळून चटईखालून ड्रायव्हरच्या सीटकडे गेलीय आणि तिथून परत पुढे. तार बारीक, टेप वेगळी, वायरिंगच्या नकाशात कुठेच नाही. उगाच कोण एवढा वळसा देईल? हे ह.चंच काम.
आज इथेच थांबले.

२२ नोव्हेंबर
नंदूचा पुण्याहून फोन. "ताई, ते भंगारात देऊन टाक ना. आता उकरून काय भेटणार हाय?" माझ्या धाकट्या भावाला एरवी महिनाभर फोन करायला सवड नसते. नेमका आजच कसा आला? यांनी कळवलं असणार. तारेबद्दल त्याला काही बोलले नाही.

२४ नोव्हेंबर
सीट उचकटली. खाली फळीवर घरातल्या दिव्याला असतं तसलं काळं बटन. तार त्यात जाते, त्यातून बाहेर येते. मीटर लावला. बटन बंद. म्हणजे सव्वीस वर्षं किल्लीचा करंट कॉइलपर्यंत पोचतच नव्हता. सेल्फ फिरणार, इंजिन कधीच धरणार नाही.
चोरबटन म्हणतात याला. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून मिस्त्री लपवून बसवतात, मालकालाच काय ते ठाऊक. तेव्हा कारखान्याजवळून दोन-तीन जीप चोरीला गेल्या होत्या खऱ्या. पण बाबा आम्हाला बोलले कसे नाहीत? की ह.ने त्यांनाही न सांगता बसवलं?
आणि आता आठवलं. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ह. फाटकाशी आला होता. टोपी हातात. "बेबी, डाक्टरसाबाशी दोन मिंटं येकट्यात बोलायचं हाय." एकट्यात कशाला, चार माणसांत बोल की. मी त्याच्या तोंडावर फाटक लावलं आणि कडी घातली. चोराच्या मनात चांदणं. बटन चालू करून ठेवायला आला असेल. आम्हाला कळायच्या आत.

२५ नोव्हेंबर
जेवताना यांना सांगितलं. यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी तर दिली नाही ना तुम्ही? त्या माणसाला कधी विचारलंत?"
नाही विचारलं. त्यानंतर सगळ्या कड्याने ह.कडे गाड्या द्यायचं बंद केलं, तेव्हाही नाही. गावाला काय, डॉक्टरांच्या पोरीने फाटक लावलं एवढं पुरलं.
भाजीत मीठ नव्हतं. दोघांनीही विषय काढला नाही.

२८ नोव्हेंबर
नंदूला मीच फोन केला. त्या दिवशी बाबा नेमकं काय म्हणत होते, आठवतं का?
"एकच की. चोर बंद केला, चोर बंद केला. गाडीत बसून तेच, मसणवट्यात तेच. तूच म्हनलीस ना, बाबा हकीमला चोर म्हणतायत म्हणून."
मीच म्हटलं होतं. बाबांनी ह.चं नाव एकदाही घेतलं नव्हतं. चोर म्हटल्यावर मला आदल्या दिवशी गाडीखाली पडलेला माणूस दिसला, आणि बंद केला म्हणजे त्याला घर बंद केलं, असा अर्थ मी लावला. बाबा बटनाचं बोलत होते.
म्हणजे बटन त्यांना माहीत होतं. मग वापरता कसं आलं नाही? गाईच्या पोटातलं वासरू हाताने फिरवणारा माणूस. आणि पुढे नऊ वर्षं जगले, एकाही मिस्त्रीला गाडीला हात लावू दिला नाही. ताडपत्रीची दोरी स्वतः बांधायचे. मी समजायचे, दुःखाने. आज बाबांवरच संशय घेतेय. कुठे थांबणार आहे हे?

२ डिसेंबर
कड्याला जाऊन आले. एकटी.
स्टँडसमोर त्याच्या मुलाचा फळांचा गाडा आहे. मागे बाजेवर ह. बसलेला. ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात फूल. माझ्या आवाजावरून त्याने ओळखलं. "बेबी? बस, बस. ए, तिला सीताफळ दे, गोड बगून दे." बाकी काही नाही. मी रडले. गाड्यावरची गिऱ्हाइकं बघत होती, बघू दे.
म्हटलं, वायरिंग काढलंय बाबांच्या गाडीचं.
तो पुढे सरकला. "येक सांग. खरं सांग, तू मास्तरीन हाय. माजा जोड सुटला होता काय?"
म्हटलं, एकही नाही. सगळे शाबूत आहेत.
डोळे मिटून बसला. ओठ हलत होते. मग म्हणाला, "सव्वीस वर्सं रोज तेच डोक्यात. हात लावून बगाय मिळालं असतं तर कळलं असतं."
चोरबटनाचं तेव्हाच का नाही सांगितलं? "मालकाशिवाय कुनाला सांगायचं नसतंय ते. सांगितलं तर मग ते चोरबटन कशाचं? आन फाटकात माणसं किती होती."
मग मी विचारलं, बाबांना वापरायचं कसं शिकवलं होतं?
खुलला एकदम. "लई सोपं करून सांगितलं होतं. साब, इतनाच याद रखो. चोर बंद, गाडी चालू. चोर चालू, गाडी बंद."
सीताफळ हातात तसंच राहिलं.
"मग गाडी चालू कावून न्हाई झाली, बेबी? बटन कसं होतं?"
म्हटलं, अजून बघायचंय. आयुष्यात पहिल्यांदा घेतलेलं रीडिंग लपवलं.

३ डिसेंबर
इथे एकदा मांडून ठेवते, डोक्यात नुसता गुंता झालाय.
त्याचं म्हणणं: चोर म्हणजे ती युक्ती. युक्ती बंद करायची तर बटन चालू करायचं, म्हणजे करंट जातो. त्याला बटन दिसत नव्हतं, युक्ती दिसत होती.
बाबांना बटन दिसलं. चोर बंद म्हटल्यावर त्यांनी चोरबटन बंद केलं. पहिलीच वेळ, आई मागच्या सीटवर कण्हतेय. शिकवलं अगदी तसंच केलं आणि किल्ली फिरवत राहिले.
जोड पक्के. बटन चांगलं. दोन्ही माणसं खरी. एका वाक्याचे दोन अर्थ, आणि मी तिसरा लावला तो सगळ्यात वाईट.

७ डिसेंबर
नवीन वायरिंग पूर्ण. चोरबटन होतं तिथेच परत बसवलंय.
एक प्रयोग केला. यांना सीटवर बसवलं, बटन दाखवलं, म्हटलं, चोर बंद करा. यांनी बटन बंद केलं. मग फाटकाशी डोकावणाऱ्या जोशींनाच आत बोलावलं. तेच वाक्य. त्यांनी विचार करून बटन चालू केलं आणि विचारलं, "का हो, पास?" दोन माणसं, दोन रीडिंग. यावरून काहीही सिद्ध होत नाही.
बाबांना पुढे कधी उमगलं होतं का? उमगलं असेल तर नऊ वर्षं गप्प कोणासाठी बसले? स्वतःची चूक झाकायला, की मी फाटक लावलं ते झाकायला? मीटर कुठे लावू?

१० डिसेंबर
किल्ली फिरवली. तिसऱ्या झटक्याला इंजिनाने धरलं. तो आवाज! हे टाळ्या वाजवत होते. मी बटनाकडे बघत होते.
बटनाशेजारी चिकटवायला दोन पट्ट्या लिहिल्या. एकीवर "गाडी चालू", दुसरीवर "गाडी बंद". चोर शब्द घातला नाही. एवढंसं कोणी तेव्हा लिहिलं असतं तर…

१३ डिसेंबर
कड्याहून फोन. हकीमचाचा उद्या सकाळच्या एसटीने येतायत, मुलगा घेऊन येतोय. मी नाव पूर्ण लिहिलं, आत्ता लक्षात आलं. राहू दे.
मुलगा म्हणाला, "अब्बाला गाडीचा आवाज ऐकायचाय. आन तुमी टेस्टर लावून कायतरी सांगणार होता म्हनं." जोड सुटला नव्हता म्हटल्यापासून शांत झोपतात, असंही म्हणाला.
सांगितलं तर पुन्हा झोप जाईल, या खेपेला स्वतःच्या वाक्याने. नाही सांगितलं तर मी आणखी एकदा त्यांना न विचारता ठरवलं असं होईल. आणि त्यांना खोटं कळतं. त्या दिवशीचंही कळलं असेल. शंकाच नको.
यांनी आत्ता विचारलं, "मग उद्या काय सांगणार आहेस?"
म्हटलं, आधी फाटक उघडते.