घरचा पूर्वपक्ष

प्रिय ठिणगी,

परवा दुकानात एका आजोबांच्या नाकावर नंबर तपासायची चौकट चढवून 'हे बरं दिसतं की ते?' असं विचारत होतो, तेवढ्यात रेडिओवर तुझा आवाज आला. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिलेली माझी लेक मुलाखत देत होती. आजोबांना तसंच एका डोळ्यावर बसवून मी आवाज वाढवला. तू म्हणालीस, आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं आणि मगच आपलं, हे मला आमच्या वकीलबाईंनी शिकवलं. मी आजोबांना भलतीच काच लावली. ती त्यांना बरी दिसली, हा त्यांचा मोठेपणा.

वकीलबाईंनी शिकवलं. छान. शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. माझ्या गुरुजींनी तो माझ्याकडून घोटून घेतला आणि आपल्या घरी तो मी जेवणाच्या टेबलावर आणला, तेव्हा तुझे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. वकीलबाई तुझ्या आयुष्यात आल्या त्या तू त्यांच्या कचेरीत नोकरीला लागलीस तेव्हा. तुझ्या प्रचारपत्रकावर त्यांचा हात तुझ्या खांद्यावर आहे. मी भिंग घेऊन पाहिलं. त्यांचा चष्मा आपल्या दुकानातला नाही, आणि नाकावरून घसरतो.

पण एवढ्यावर थांबलीस तर तू कसली ठिणगी. पुढे म्हणालीस, वडील जुन्या वळणाचे, त्यांच्याशी भांडून भांडूनच मी घडले. मुलाखत घेणारा हसला. स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकत तुझी आईही हसली, हे तिनं मला जेवताना स्वतःहून सांगितलं. वर म्हणाली, जळताय तुम्ही, दुसरं काही नाही. मी म्हटलं, वास येत असेल तर खिडकी उघड.

अगं, ती भांडणं पूर्वपक्षाची होती. बायकांनी रात्रपाळी करू नये, असं मी तावातावानं मांडायचो, आणि तुझी आई रात्रपाळीवरून परतली की तिचा चहा मीच टाकायचो. तू त्या चहाकडे कधी पाहिलंच नाहीस. झाडूवाल्यांच्या संपाविरुद्ध मी इतकं बोललो की तू ताट सोडून उठलीस. त्या अख्ख्या संपात त्यांचे फलक आपल्याच दुकानात, काचा घासायच्या यंत्रामागे ठेवलेले होते. बाहेरगावच्या मजुरांना वरची खोली देऊ नये असा ठराव इमारतीच्या बैठकीत आला, तेव्हा विरोधात एकच हात वर होता. तो ज्याच्या खांद्याला होता, त्याच्याशी जिन्यातली निम्मी माणसं अजून बोलत नाहीत. हा माझा सिद्धान्त. पूर्वपक्ष संपल्यावर तो सांगायचा असतो, पण तोवर तू रुसून आपल्या खोलीत गेलेली असायचीस. बंद दाराला काय सांगणार?

म्हणजे मी सगळाच तुझ्या बाजूचा आहे, असंही समजू नकोस. संपात इस्पितळ बंद पडू नये, यावर मी ठाम आहे आणि तू नाहीस. फाशी नसावी असं मला वाटतं, त्यावर तुझं पत्रक गप्प आहे. नंबर चुकला तर मी काच बदलून देतो, फाशीत ती सोय नाही. सगळ्यांना चष्मे फुकट वाटायच्या तुझ्या आश्वासनाला मात्र माझा विरोध आहे, पण तो विचारांचा नव्हे, पोटाचा. आता या सगळ्याला कुठल्या पक्षाचं नाव द्यायचं ते तू ठरव. मला एवढंच कळतं की ज्याचं ऐकून घेतलं जात नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसावं. हल्ली त्या जागी मीच बसलोय, त्यामुळे शेजार आयताच मिळाला.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. गुरुवारी तुझा भर सभागृहात तुझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या ठेकेदाराशी वाद आहे, आणि त्याच्या तयारीला तू रोज वकीलबाईंकडे जातेस, असं तुझी आई म्हणाली. बाई विद्वान आहेत, मान्य. पण त्या तुझ्या बाजूच्या. तू बोलशील आणि त्या मान डोलावतील, चष्मा आणखी खाली येईल. ठेकेदाराचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून तुला रडकुंडीला आणणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि त्याला कुणी बोलावलेलं नाही. बुधवारी जेवायला ये. वकीलबाईंना आणू नकोस. बरं, आण. चष्मा नीट बसवून देतो, पण त्यांनी मधे बोलायचं नाही. मी ठेकेदार होईन आणि जराही दया दाखवणार नाही. फक्त या खेपेला ताट सोडून उठू नकोस. माझा सिद्धान्त ऐकून जा. तुझ्या पत्रकावरचा फोटो दुकानात आरशाशेजारी लावलाय. खांद्यावरचा हात मी कापलेला नाही, याची नोंद घ्यावी.

तुझाच,
न बोलावलेला विरोधक
(बाबा)