आधी रिकामं वजन

८ तारीख, सोमवार. सकाळी ९.१०
उशिराबद्दल माफी. मागची नोंद अकरा दिवसांपूर्वीची. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी माफी मागतो. चौतीस वर्षं मालगाड्यांच्या ट्रकच्या वजनकाट्यावर पावत्या फाडल्या. नोंद उशिरा झाली की आधी माफी, मग नोंद.

कारण: मन थाऱ्यावर नाही. लेक काल सासरी गेली. तिच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन. अठराला परत येईल. तिचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत चालू ठेवून गेली आहे. जाताना म्हणाली, बाबा, दोनच कामं. तो बंद पडू द्यायचा नाही, आणि त्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, हात न लावता बंद पडल्याचं कळणार कसं? म्हणाली, बघून. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, अगं, नुसतं बघून त्यांना राहवलं असतं तर आपला मिक्सर अजून चालला असता.

त्या कॉम्प्युटरात रक्तपेढीचा प्रोग्राम आहे. कोणत्या गटाची पिशवी कोणत्या फ्रिजमध्ये, किती दिवसांत खराब होणार, सगळं. दोन वर्षांचं काम. त्यापायी लेकीने नोकरी सोडली. बावीसला रक्तपेढीचे लोक बघायला येणार. पसंत पडला तर छानच. नाही पडला तर काय, हे घरात कोणी बोलत नाही.

संकल्प: वरच्या खोलीत दिवसातून दोनदाच जाणे.

९, मंगळवार
पाचदा गेलो. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो आहे. कालपेक्षा जास्त? ठरवता येत नाही. उद्यापासून ऐकून मार्क देणार.

संध्याकाळी लेकीचा फोन. फार दमलेली वाटली. रक्तपेढीला एक तक्ता हवा आहे. कंटेनर चालवणारे दोन प्रोग्राम आहेत, त्यातला कोणता घ्यायचा. आणि प्रोग्राममध्ये कधी काय बदललं ते चित्रात दाखवणारी तीन टूल्स आहेत, त्यातलं कोणतं. तुलना करून एका पानात. म्हणाली, त्याला वेळ कुठून काढू? मी म्हटलं, मी करतो. ती हसली. हसली म्हणजे होकार.

१०, बुधवार. सकाळी ११
पासवर्ड हिच्याकडे होता, लाईट गेली तर लागेल म्हणून. मी सांगितलं, लाईट जाण्याआधी एकदा तपासून बघायला हवा. हिने दिला, पण कागद हातात देताना माझ्याकडे जसं बघितलं ते बरं नव्हतं.

आठवीपर्यंतच शिकलो, पण विषय अवघड नाही. कंटेनर म्हणजे प्रोग्रामला त्याच्या भांड्याकुंड्यांसकट एका पेटीत बसवायचं. पेटी कुठल्याही कॉम्प्युटरवर नेली तरी आतला संसार तोच. दुसरं टूल म्हणजे नोंदवही. कोणी काय बदललं ते रंगीत रेघांत दिसतं. रेघा फुटतात, पुन्हा मिळतात. आमच्या भावकीसारखं नाही, इथे मिळतात.

इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत. कंटेनरवाले: निळा आणि जांभळा. निळा लेकीचा, आधीपासूनचा, तिचा प्रोग्राम त्याच्याच पेटीत. नोंदवहीवाले: झाडवाला, रेघवाला आणि दिसायला अगदीच साधा तो गरीब.

११, गुरुवार
जांभळा इंटरनेटवरून उतरवून घेतला. झाडवाला, रेघवाला उतरवले. गरीब आपोआप आला, कसा ते कळलं नाही.

मार्क (दहापैकी). अक्षरांचा आकार: जांभळा ७, निळा ४. सूचना देत ओरडतो का: निळा फार ओरडतो. झाडवाला शांत, पण प्रत्येक वेळी खातं उघडा म्हणतो. मी उघडलं नाही. ओळख नाही, पाळख नाही.

हात लावायचा नाही असं म्हणाली होती. मी माउसला लावतो आहे.

१२, शुक्रवार. दुपारी
कोपऱ्यात एक आकडा दिसला. डिस्क ८८ टक्के भरली. चहा घेऊन आलो तर ८९.

लेकीच्या जोडीदाराचा फोन. धंद्यातला जोडीदार. इतका उंच आहे की आमच्या दारातून वाकून येतो, ही त्याला उंट म्हणते. विचारत होता, काका, वर सगळं ठीक ना? मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, नक्की ना? कारण सगळ्या नोंदी तेवढ्या एकाच ठिकाणी आहेत. मी म्हटलं, अरे, मी आहे ना इथे.

नंतर हिला विचारलं, एकाच ठिकाणी का ठेवल्या असतील? ही म्हणाली, रक्तपेढीची अट आहे, नोंदी या कॉम्प्युटरबाहेर जाता कामा नयेत. सहा हजार नोंदी. जुन्या रजिस्टरांतून लेकीने हाताने टाइप केल्यात, तुम्ही शेजारच्या खोलीत घोरत होतात. मी घोरत नाही.

१३, शनिवार
९४. लाल त्रिकोण आला. त्याच्याकडे पाठ करून बसलो तरी तो आहे हे कळतं. काहीतरी आत बसून खातं आहे. पंखा आता जिन्यापर्यंत ऐकू येतो. पंख्याला मार्क: २.

लेकीला सांगावं का? सासूबाईंना कालच घरी आणलंय. कशाला तिच्या डोक्याला त्रास. तुलना पूर्ण करून एकदमच सांगतो.

१४, रविवार
संकल्प: आज वर जायचं नाही. पाळला. (दोनदा. पण आत गेलो नाही, दारातून.) ९६.

१५, सोमवार. सकाळी १०
चूक सापडली. रात्रभर तळमळलो आणि पहाटे डोक्यात उजेड पडला. मी तुलनाच चुकीची करत होतो. निळा भरलेला, जांभळा रिकामा. भरलेल्या गाडीची रिकाम्या गाडीशी तुलना करतात का? काट्यावर पहिला नियम: गाडी आधी रिकामी चढवायची, रिकामं वजन लिहायचं. मग माल. हा नियम मोडणारा एक कारकून माझ्या डोळ्यांसमोर कायमचा घरी गेला.

म्हणजे निळ्याला आधी रिकामा करायला हवा. शोधलं तर त्याच्यातच बटण आहे. सगळं पुसून पहिल्यासारखं कर, असं. त्यांनाही हे लागत असणार, म्हणून तर ठेवलंय.

१५, दुपारी १२.३०
बटण दाबलं. चौकट आली. खात्री आहे का, हे परत आणता येणार नाही. हो म्हटलं. पुन्हा विचारलं. काट्यावर जो ड्रायव्हर तेच दोनदा विचारायचा त्याच्या गाडीत काहीतरी गडबड असायची. मी ठामपणे हो म्हटलं.

नोंदवहीतही ३१२ फायलींपुढे बदलल्याची खूण होती. गेल्या दोन आठवड्यांतला पसारा, अजून पक्का न केलेला. झाडवाल्यात ‘सगळे बदल टाकून दे’ असं बटण आहे. तेही केलं. तिन्ही टूल्स एका रेषेवर यायला हवीत.

आकडा ४१. त्रिकोण गेला. पंखा थांबला. पूर्ण थांबला. खोलीत इतकी शांतता की स्वतःच्या श्वासाचा आवाज येऊ लागला. तिथे बसवेना, खाली आलो. पण कॉम्प्युटरला आराम मिळाला हे नक्की.

१५, संध्याकाळी
रिकामं वजन मिळालं. आता माल चढवायचा. माल कुठे आहे?

१६, मंगळवार
निळ्याच्या सगळ्या पानांवर जाऊन आलो. प्रत्येक पान म्हणतं, इथे अजून काही नाही. काट्यावर गाडी रिकामी झाली की माल बाजूला ढीग लावून ठेवलेला असायचा. इथेही ठेवला असेल. प्रोग्राम करणारी माणसं एवढी शिकलेली, माल रस्त्यावर टाकतील?

उंटाचा फोन. मला घरून काही दिसत नाहीये, काका, तुम्ही काही केलंत का? मी म्हटलं, नाही. हे खोटं नाही. केलं म्हणजे काहीतरी घडवलं. मी तर रिकामं केलं.

बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही.

१७, बुधवार
तक्ता झाला. पट्टीने रेघा मारल्या. लाल आणि निळी शाई. निष्कर्ष: जांभळा, आणि नोंदवहीसाठी रेघवाला. खाली सही. ही चष्मा लावून वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, अहो, तो पंखा का वाजत नाही? मी म्हटलं, सुधारला. ही खाली बसली.

१८, गुरुवार. सकाळी
लेक नऊला आली. चहा झाल्यावर तक्ता दाखवायचा असं ठरवलं होतं. चहा न घेताच वर गेली. मी जिन्याशी उभा. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दहा मिनिटं माउसची टकटक. ओरडली असती तर बरं झालं असतं.

खाली आली तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. विचारलं, बाबा, कुठलं बटण? मी सांगितलं. कधी? सांगितलं. रिकाम्या वजनाचा नियमही समजावून सांगितला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, बरोबर आहे बाबा तुमचा नियम. आणि भिंतीला टेकली.

१९, शुक्रवार
उंट आला. पहिल्यांदाच दारात वाकला नाही, कपाळ आपटलं, तसाच वर गेला. दोघं दिवसभर वर. प्रोग्राम बराचसा त्याच्याकडे आहे, महिन्याच्या सुरुवातीपर्यंतचा. नोंदी नाहीत. एकही नाही. पुसलेल्या डिस्कवर मी नंतरही जांभळ्याच्या पेट्या उतरवून बघत होतो, म्हणून शोधूनही काही मिळत नाही, असं उंट हिला म्हणाला. मला नाही.

दुपारी तक्ता टेबलावर दिसला. लेकीने उलटा करून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर काय काय गेलं त्याची यादी केली होती. माझ्या लाल रेघा पलीकडून दिसत होत्या. यादी दुसऱ्या पानावरही गेली आहे.

२२, सोमवार
रक्तपेढीचे लोक येऊन गेले. मला खाली बसायला सांगितलं. वीस मिनिटांत उठले. नोंदी नसलेला प्रोग्राम काय दाखवणार. जाताना त्यांच्या बाई लेकीला म्हणाल्या, सहा आठवडे देते, ताई, त्यापुढे माझ्या हातात नाही. म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत. हे मी हिला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ही म्हणाली, बास.

२३, मंगळवार
लेक कॉम्प्युटर गाडीत घालून सासरी गेली. रजिस्टरंही नेली. नोंदी पुन्हा टाइप करणार. मी म्हटलं, मी करू लागतो. तिने बॅगेची चेन लावली. वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा. तेच जास्त लागलं.

संकल्प: चार दिवस फोन करायचा नाही. तिला काम करू द्यायचं.

२४, बुधवार
सातदा केला. उचलत नाही. कामात असेल.

२७, शनिवार. सकाळी ८
हिला म्हटलं, लेकीचा काहीच पत्ता नाही, काळजी वाटते. ही भाजी निवडत होती. म्हणाली, रोज येतो की तिचा फोन. तुम्ही अंघोळीला गेलात की येतो.

आज अंघोळ केली नाही. फोनसमोर बसलो. आला नाही. शेवटी मेसेज पाठवला. त्याची नक्कल इथे करून ठेवतो, दोन ठिकाणी असलेली बरी.

बेटा, उत्तर द्यायला जड जात असेल तर देऊ नकोस. पण मला वाचता येतं, आकडे तर चांगलेच येतात, रजिस्टरातली जुनी हस्ताक्षरं मला कळतात. रोज दोनशे नोंदी होतील. सहा हजारांना महिना पुरे. बटणं तू दाब, मी फक्त मोठ्याने वाचून दाखवीन. किती झाल्या, एवढं तरी लवकर कळव. मी वाट बघतोय.