साडूला ज्वालामुखी दाखवला

१३ मार्च, संध्याकाळ

उद्याची तिकिटं आली. आम्ही नवरा-बायको, साडू आणि मेहुणी. दिवसभराची ज्वालामुखी टूर, गाइडसकट. साडूने फोनवर तीनदा थँक्यू म्हटलं. म्हणू दे.

सासूबाईंच्या वाढदिवसाला माइक हातात घेऊन हाच म्हणाला होता की आमच्या साडूभाऊंना घाम येतो तो फक्त जेवताना. बत्तीस माणसं हसली. सगळ्यात जास्त वेळ बायको. त्याला चार वर्षं झाली. मी ते कधीच विसरलोय. फक्त तारीख लक्षात आहे.

विवराच्या कडेपर्यंत सातशे बेचाळीस पायऱ्या आहेत. साडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झालेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठून व्यायाम.

१४ मार्च, सकाळी ७.२०

पावणेसातला उठलो. व्यायाम राहिला. पण शक्ती राखून ठेवणं हाही एक व्यायामच.

९.१५, बस

साडू ड्रायव्हरच्या मागे बसला आणि दहा मिनिटांत त्याच्या मुलीच्या परीक्षेपर्यंत पोचला. ड्रायव्हरने डब्यातली सफरचंदाची फोड त्याला दिली. मला नाही. नोंद केली.

१०.४०

नजर जाईल तिथवर काळे, जळक्या विटेसारखे दगड. हा डोंगर दोन हजार वर्षं शांत आहे, अशी माहिती मी सगळ्यांना दिली. गाइडबाई म्हणाल्या, सव्वीस वर्षांपूर्वीच फुटला होता, माझं घर त्यातच गेलं. साडू म्हणाला, साडूभाऊंचं पुस्तक जरा जुन्या आवृत्तीचं आहे. अख्खी बस हसली. गाइडबाईसुद्धा.

आता दयामाया नाही.

११.३०, पायथा

घोळ. साडूने बाकावर बसकण मारली. डॉक्टरांनी चढायला मनाई केलीय, तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघतो म्हणाला. बाकावर बसलेल्या माणसाचा सूड कसा घेणार? बायका टोप्या बघायला दुकानात गेल्या, तेवढ्यात मी त्याला हळूच म्हटलं की भीती वाटत असेल तर राहू द्या, मी कुणाला सांगणार नाही. तो जरा वेळ गुडघ्याकडे बघत राहिला. मग उठला.

हे त्याच्या भल्यासाठीच. सांधे वापरले नाहीत की गंजतात.

१२.०५, पायरी १८०

देखावा पाहायला थांबलो. गाइडबाई बाकीच्यांना घेऊन पुढे, बायका अजून खाली दुकानातच.

१२.१२, पायरी २०५

बुटाची नाडी बांधायला थांबलो. माझ्या बुटांना नाडी नाही, हे साडूच्या लक्षात आलं नसावं. सावकाश बांधा म्हणाला.

१२.३०, पायरी २९०

सडक्या अंड्यांचा वास. फटींतून वाफ. एक आजीबाई मोबाइलवर बोलत बोलत आम्हाला ओलांडून वर गेल्या. त्यांचं काहीतरी वेगळं ट्रेनिंग असणार.

दुपारी ४.१०, दवाखाना

आता लिहायला वेळ मिळाला. पायरी ३१७ला साडू खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच. चेहरा राखेसारखा. जोक नाही, काही नाही. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि मनात तयार ठेवलेलं वाक्य मला आठवेना.

त्याने हात पुढे केला. गार पडला होता. म्हणाला, हिला सांगू नका, घाबरेल.

तीनशे सतरा पायऱ्या उतरायला एक तास दहा मिनिटं लागली. त्याचा हात माझ्या गळ्यात. मी दर वीस पायऱ्यांनी थांबत होतो, पण ते देखाव्यासाठी.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या आतलं सगळं ठीक आहे, नुसती सूज आहे, तीन आठवडे विश्रांती. मेहुणीने विचारलं, वर जायची कल्पना कोणाची? मी तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होतो, जवळजवळ. तेवढ्यात साडू म्हणाला, माझाच हट्ट, हे बिचारे नको नको म्हणत होते, हे नसते तर मी अजून तिथेच असतो.

मेहुणीने माझे दोन्ही हात धरले. बायको माझ्याकडे बघतच राहिली. ती याआधी असं कधी बघत होती ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

हा माणूस मला धड सूडसुद्धा घेऊ देत नाही. आता याचंही उट्टं काढावं लागणार.

१५ मार्च, सकाळ

काल बसमध्ये लिहिता आलं नाही. साडू माझ्या शेजारी, गोळी घेऊन, पाय समोरच्या सीटवर ठेवून. पंधरा मिनिटांत झोपला आणि त्याचं डोकं माझ्या उजव्या खांद्यावर आलं. दोन तास तिथेच होतं. तोंड उघडं. शर्ट ओला. बायकोने खुणेने विचारलं, सरकवू का? मी मानेनेच नको म्हटलं. खांदा इतका आखडलाय की हे डाव्या हाताने लिहितोय.

सरकवलं असतं तर जागा झाला असता, आणि जागा झाला असता तर बोलत बसला असता. एवढंच कारण.