स्पीकर दुरुस्त करू नकोस

ठमे,

आल्या आल्या कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसू नकोस. तू लिनक्सची नवी आवृत्ती टाकून गेलीस आणि स्पीकरची वाचाच बसली. केबली काढून पुन्हा लावल्या, मशीन बंद करून चालू केलं, चार शिव्याही हासडल्या. शेवटी सेटिंग उघडली. आवाज ब्लूटूथवरून तुझ्या आईच्या श्रवणयंत्राकडे जातोय. खाली ‘जोडलेले’ असं स्वच्छ लिहिलंय.

जुनी नोंद राहिली असेल म्हणून पुसली, तर ती परत आली. आणि यंत्र तर आपण तिच्या कानातून काढायलाच विसरलो होतो. ते तिच्याबरोबरच जळालं.

बातम्या लावल्या, तर आवाजाची पट्टी आपोआप शून्यावर आली. सवय तिचीच. मग माइकही तिकडेच जोडला आणि मी बोललो. पट्टी निम्म्यावर आली. संसारात मला यापेक्षा जास्त कधी मिळालं नव्हतं. तुझं नाव काढलं मात्र, पट्टी थेट शंभरावर गेली.

शेवटच्या महिन्यातला तुमचा अबोला मी विसरलेलो नाही. माइक चालू ठेवलाय. तुला मोकळेपणी बोलता यावं म्हणून मी बाहेर फिरायला जातोय. यंत्राची बॅटरी उतरत चाललीय, तेव्हा चपला नंतर काढ.

बाबा