सड्यावरचा समुद्र

विजय नगर, इंदूर

तीर्थरूप दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी मजेत आहे, गुडघाही हल्ली कुरकुरत नाही. वहिनीचा खोकला थांबला का?

आपल्या घराच्या वरच्या अंगाला असलेल्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, समुद्राचं पाणी चढवून तळं करणार म्हणतात, ते वीज प्रकल्पाचे लोक खुळे आहेत का, असं तू विचारलंस. मी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. खुळे नाहीत रे. दुपारी उन्हाची वीज उरते, तिच्यावर पंप चालवून पाणी वर न्यायचं. रात्री तेच खाली सोडून पुन्हा वीज करायची. नातीला सांगितलं, तर उर्वी म्हणाली, "मतलब आजी, समुद्राची बॅटरीच ना!"

पण ग्रामसभेत हो म्हणण्याआधी एक विचार. खारं पाणी झिरपून खालच्या आपल्या विहिरीत आलं तर? उत्तर पटेपर्यंत मान हलवू नकोस, साहेब कितीही गोड बोलोत.

आमचे हे दर सुट्टीत त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून इंदूरला आणायचे. तुला इंदुरी थाटात म्हणायचे, "दादा भिया, हे पाणी नाही, शरबत है शरबत!" ते गेल्यापासून कोणी आणलं नाही. इकडे येणाऱ्या कोणाबरोबर एक बाटली पाठव.

विहीर तेवढी गोड राहू दे, मग समुद्र खुशाल वर चढू दे.

तुझी धाकटी,
अंबू