तुरीच्या डब्यातली चिठ्ठी

प्रिय आई,

सप्रेम जय भीम.

उद्या सकाळी दहा वाजता मला मोठ्या दवाखान्यात जायचं आहे. डाव्या छातीत गाठ आहे. तिचा तुकडा काढून तपासणार आहेत. मी घाबरले आहे गं, फार घाबरले आहे, आणि घाबरले की तुला हाक मारायची माझी सवय चाळीस वर्षांची आहे. तू थंडीत गेलीस. आता मे लागला, तरी ती सवय काही सुटली नाही. म्हणून हे पत्र.

मी कंपनीत मालाच्या तपासणीला आहे, हे तुला कधी पटलंच नाही. "नुसतं बघत बसायचं? ह्याला काम म्हणतेत व्हय?" असं म्हणून तू हसायचीस. बघत बसायचं नसतं आई, बोट फिरवायचं असतं. डोळ्याला न दिसणारा खडबडीतपणा बोटाला कळतो. तीन आठवड्यांपूर्वी अंघोळ करताना त्याच बोटाला ही गाठ लागली. हरभऱ्याएवढी. मी पुन्हा बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे. नळ तसाच वाहत होता.

दुसऱ्याच दिवशी इथल्या, बजाजनगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. त्यांनी हाताने बघितलं आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. "वेळ घालवू नका," म्हणाल्या. आणि मी काय केलं? घरी आले, चिठ्ठीची चार घडीची पट्टी केली आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात, अगदी तळाशी सारून दिली! तिथंच का, हे दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी तुला कळेल.

त्या दिवसापासून मी मंडईत पाय ठेवला नाही. तिथं ओळखीच्या बायका भेटतात, कशी आहेस विचारतात. काय सांगू? घरात डबे भरलेले होते, त्यांवरच भागवलं. एक दिवस पिठलं, एक दिवस सांडग्यांचं कालवण, एक दिवस मुगाची खिचडी, आणि मधूनमधून तुझ्या येसराची आमटी. यांनी विचारलं, "मंडई बंद पडली का काय?" प्रचिती दहावीची परीक्षा देऊन घरीच आहे, ती तर कुरकुरायलाच लागली. "मम्मी, रोज रोज आजीचंच जेवण का गं?"

काय सांगू तिला? की तेवढाच वेळ मला धड श्वास घेता येतो? लसूण ठेचायचा, तेलात लाल होऊ द्यायचा. येसराचं पीठ गार पाण्यात कालवायचं, बोटांनी गुठळ्या मोडायच्या, फोडणीत ओतायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. भाजलेल्या ज्वारीचा, डाळींचा, धण्यांचा तो वास घरभर झाला की तू मागे उभी आहेस असं वाटतं. "मीठ मागून घाल" म्हणतेस असंही वाटतं. दहा मिनिटं भीती घराबाहेर जाते. गॅस बंद केला की परत येऊन उभी राहते. म्हणून मी आमटी उगाचच जास्त उकळत ठेवायचे. आटून पिठल्यासारखी व्हायची, आणि हे म्हणायचे, "आमटी आहे का लापशी?"

आई, गेल्या उन्हाळ्यात बिडकीनला तू दुप्पट येसर केलंस. कुरडया दुप्पट, सांडगे दुप्पट. मी म्हटलं, एवढं कशाला? तू म्हणालीस, "आसू दे. पुढल्या साली हात चालले नाय चालले." मी हसले. तुझे हात न चालणं ही मला गंमत वाटली!

आणि त्याच दिवशीचं ते. तुला आठवतं ना? मी कुरडयांचा चीक घोटत होते. तू म्हणालीस, वरणाला डाळ काढ. मी चिकाचा हात पदराला पुसून तुरीच्या डब्यात घातला, तर बोटाला कागद लागला. मी वर ओढला. तू चुलीपुढून ओरडलीस, "ठिव ती माघारी! रेशनची चिठ्ठी हाय." मी ठेवली. घडीसुद्धा उलगडली नाही. मला वाचता येत होतं आई. बारावी झालेली मी, इंग्रजी अक्षरं ओळखणारी. पण हाताला चीक होता, घोटणं अर्धवट होतं, आणि तू सांगितलंस म्हणजे ते खरंच असणार.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि मी तुझे डबे आवरायला घेतले. तेव्हा ती चिठ्ठी वाचली. माझा हात लागला त्याच्या तीन महिने आधीची होती. तीच तपासणी लिहिलेली. सहा-सात महिने मिळाले असते आपल्याला. त्यातून काय झालं असतं, हे मला माहीत नाही. डॉक्टरही काही सांगत नाहीत. पण तू शेवटी शेवटी "छातीत कळ येती, गॅस झालाय" म्हणत ओवा चावत बसलीस, तो तरी एकटीने चावला नसतास.

का केलंस तसं? मला त्रास नको म्हणून? प्रचितीच्या दहावीत अडथळा नको म्हणून? आणि आम्हाला मागे जे झालं त्याचं काय? मला तुझा राग आहे आई. रोज येतो. आणि राग येतो त्याच वेळी मी उठून तुझ्यासारखीच डाळ शिजायला लावते. डाळ घेताना हात वरवर घालायचे, तळाला लागू नये म्हणून.

आजचं सांगते. आज रविवार. यांची पहिली पाळी होती, प्रचिती मैत्रिणीकडे गेलेली. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सकाळीच फर्मान काढलं, डाळींना ऊन दाखवायचं. तुला माहीत आहे त्यांचं. मे महिन्यात घरातला एकही डबा त्यांच्या हातून सुटत नाही. जुनी साडी घेऊन त्या गच्चीवर गेल्या. मी खाली भाकरी थापत होते. त्या कोणते डबे वर नेताहेत, इकडे माझं लक्षच नव्हतं! भाकरी तव्यावर टाकली आणि एकदम ध्यानात आलं. गॅस तसाच सोडून पळाले.

आत्या साडीवर बसल्या होत्या. पुढ्यात तूर पसरलेली, डबा पालथा घातलेला, आणि हातात ती चार घडीची पट्टी.

"ही कशाची गं चिठ्ठी?"

"रेशनची," मी म्हणाले.

आई, तो आवाज तुझा होता. शब्द तोच, घाईही तीच. आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि गुपचूप रिकाम्या डब्यात ठेवून दिला. "तू ठिवलीस मंजी तितंच लागत आसंल," म्हणाल्या आणि डाळ हाताने पसरायला लागल्या.

एवढं सोपं होतं. संपलं होतं! खाली जायचं, भाकरी उलटायची, बस्स. मी जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. पण माझ्या जागी उद्या प्रचिती उभी असेल, डबे आवरत, असं डोळ्यांपुढं आलं आणि मला पायरी उतरता येईना.

"आत्या, रेशनची नाय ती."

त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय," म्हणाल्या. "रेशनची चिठ्ठी कोणी डाळीत पुरतंय व्हय? तीन हप्ते झाले, तुझं चित्त ठिकाणावर नाय. बस इतं. वाच."

मी वाचली. इंग्रजीत होती, ती मराठीत सांगत गेले. "डावी बाजू" म्हणताना मला रडू फुटलं आणि मग पुढचं काही नीट सांगता आलं नाही. आत्यांनी डाळीचे हात साडीला पुसले आणि विचारलं, "तुझ्या आईवानीच हाय का?"

"माहीत नाही. लई भ्या वाटतंय."

"वाटणारच की. मलाबी वाटलं आत्ता." मग म्हणाल्या, "मला वाचता येत नाय पोरी. पर बसता येतं. उद्याच्याला दवाखान्यात तुझ्यापाशी बसन. आत नेईस्तोर हात धरून बसन."

खाली आलो तर भाकरीचा कोळसा झालेला. आत्यांनी मला ओट्यापाशी येऊ दिलं नाही. स्वतः आमटी केली, तुझ्याच येसराची. तिला कायम नावं ठेवणाऱ्या आत्या! "तुझ्या आईचा हात तिखटाला लई सैल व्हता," असं आजही म्हणाल्याच. भाकरी कुस्करून ताट माझ्या हातात दिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी रांधलेलं नाही, दुसऱ्याने वाढलेलं खाल्लं. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. भीती तिथंच होती, ताटापाशी बसलेली. पण आत्याही बसल्या होत्या.

चारला हे कामावरून आले. आत्यांनीच विषय काढला, पुढचं मी सांगितलं. यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. रागावतील असं वाटलं होतं, पण चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरीणबाईंना फोन लावला; त्यांनी मोठ्या दवाखान्यात उद्या दहाची वेळ ठरवून दिली. मग सुपरवायझरला फोन लावला, उद्या येत नाही म्हणून. आत्ता मी हे लिहितेय आणि हे उगाचच पाण्याची टाकी घासताहेत. त्यांनाही काहीतरी करायला लागतंच ना!

आता प्रचिती राहिली. येईलच इतक्यात. तिला सांगायची गाठीपेक्षा जास्त भीती वाटतेय. सोळा वर्षांची आहे. आजीला जाऊन पाच महिनेही झाले नाहीत. काय विचारेल, मला काय उत्तर देता येईल? मी तिच्या वयाची असताना तू मला असं काही सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? बहुतेक तुला घट्ट धरून बसले असते. ते तू मला करू दिलं नाहीस.

तर आई, मी तुला शब्द देते. उद्या मी जाणार, दारातून परत फिरणार नाही. तपासणीत काय निघेल ते माझ्या हातात नाही, मला त्याची भीती आहे आणि ती जाणार नाही. पण मला काय झालंय, हे माझ्या लेकीला माझ्या तोंडून कळेल. माझ्यामागं नाही.

फाटक वाजलं. आलीच ती.

तुझी घाबरलेली,
शालू