नानांचं पागोटं

दोंडाईचा, मंगळवार, आबांचं तेरावं

आज सासऱ्यांच्या तेराव्याला थोरल्या दिरांना, नानांना, आबांच्या जागी घरचा कर्ता म्हणून पागोटं बांधलं. आबा चार वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं हगणं-मुतणं आम्ही दोघा नवराबायकोनं काढलं. नाना नाशिकहून दोनदा आले, तेही जेवून परतले. आज मात्र भाऊबंदांनी विचारायच्या आधीच "थोरला मी शे" म्हणून डोकं पुढे केलं. पागोटं कानावर घसरत होतं.

दुपारी नायजेरियातून आमच्या मयूरचा फोन आला. तो तिथे कारखान्यात आहे. त्याला पागोट्याचं सांगितलं तर म्हणाला, "आई, इकडे ओयोला योरुबा लोकांचा राजा असतो. जुन्या काळी राजा गेला की थोरल्या मुलालाही त्याच्याबरोबर मरावं लागायचं. बाप जगेल तोवरच त्याची चैन."

मी म्हटलं, मग बापाला किती जपत असेल रे तो.

तेव्हापासून डोक्यात तेच. आपल्याकडे ही रीत असती तर नाना दर आठवड्याला शहाळी घेऊन आले असते. आबांचे पाय चेपत बसले असते. तेराव्याला असं मनात यावं का? देवासमोर बसले तरी जाईना. आलं तर आलं.

संध्याकाळी नाना ओट्यावर पागोटं घालूनच बसलेले. चहा दिला तर विचारलं, "मयूर काय म्हणत होता?"

"तिकडे राजा गेला की आधी थोरल्या मुलालाच बोलावायचे म्हणे."

नाना खूश झाले. "रीत सगळीकडे एकच," म्हणाले, आणि घसरलेलं पागोटं दोन्ही हातांनी सरळ केलं.